अंकांचा नाद आणि ट्रान्झिस्टरची जोडी

सुरतेच्या हिरेबाजारात पैलू पाडणाऱ्या कारागिराइतकीच किंमत हिरे निवडणाऱ्याच्या नजरेला असते. पांढऱ्या कागदावर खडे पसरून, चिमटा आणि भिंग हाती घेऊन तो रंग, आकार आणि शुद्धता पाहत सारख्याला सारखा खडा लावीत जातो. कर्णफुलांच्या जोडीत एक खडा किंचित पिवळसर निघाला, तर दोहोंचेही मोल उतरते. स्वतःच्या हाताने ध्वनियंत्रे बांधणाऱ्या छांदिष्टांच्या मेजावर आजही असेच काम चालते. तेथे खड्यांच्या जागी तीन पायांचे ट्रान्झिस्टर असतात, एवढाच भेद. नखाएवढ्या संकलित मंडलात हजारो ट्रान्झिस्टर तयार मिळत असता सुटे ट्रान्झिस्टर मापून त्यांच्या जोड्या लावण्याचा हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर या उपकरणाच्या इतिहासात सापडते.

ट्रान्झिस्टरचा जन्मच मुळी टेलिफोनच्या घराण्यात झाला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 16 डिसेंबर 1947 रोजी जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांना प्रथम यश आले. ब्रॅटनने प्लास्टिकच्या त्रिकोणी तुकड्याच्या कडेवर सोन्याचा वर्ख बसविला, पात्याने तो टोकाशी चिरला आणि ती दोन टोके जर्मेनियमच्या स्फटिकावर टेकविली. जरीच्या गावाला इतक्या पातळ सोन्याचे नवल वाटू नये! लगेच 23 डिसेंबरला प्रयोगशाळेच्या अधिकाऱ्यांना या जोडणीतून मोठे होऊन आलेले मनुष्याचे बोलणे ऐकविण्यात आले.

ध्वनीची लाट वर चढते तशी खालीही उतरते. एका ट्रान्झिस्टरने ढकलावे आणि दुसऱ्याने ओढावे, ही योजना म्हणूनच सोयीची ठरली. त्यासाठी दोन उलट जातींचे, परंतु गुणांनी सारखे ट्रान्झिस्टर लागतात: एक एन-पी-एन, दुसरा पी-एन-पी. आरंभी अशी जोडी मिळणे दुष्कर होते. 1956 साली एच. सी. लिन यांनी दोन्ही बाजूंना एकाच जातीचे मोठे ट्रान्झिस्टर वापरून ही अडचण युक्तीने टाळली. पुढे जर्मेनियमची एसी 127 आणि एसी 128 ही जोडी लहान रेडिओंतून घरोघर पोचली. भारतात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यात 1962 साली जर्मेनियमचे आणि 1967 साली सिलिकॉनचे घटक तयार होऊ लागले.

जोडी मिळाली तरी एक दोष उरे. एकाने थांबावे आणि दुसऱ्याने हाती घ्यावे, त्या सांध्यावर लाटेला बारीक खाच पडते. मोठ्या आवाजात ती लपते, मंद स्वरात मात्र कानाला बोचते. यावर इलाज एकच, दोघांनाही थोडे जागे ठेवावयाचे. प्रवाह सतत वाहता राहिला की खाच बुजते. त्याची किंमत उष्णतेच्या रूपाने द्यावी लागते.

अशा स्थितीत ध्वनीच्या जगात अंकांचा प्रवेश झाला. लाटेची उंची ठराविक क्षणांनी मोजून केवळ संख्या पाठवाव्यात, ही कल्पना अॅलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याला 1937 च्या सुमारास पॅरिसमध्ये सुचली. परंतु तिला साजेसे घटक तेव्हा नव्हते. फिलिप्स व सोनी यांची तबकडी 1982 साली बाजारात आली, तेव्हा ती घरगुती झाली. त्या तबकडीवर दर सेकंदास 44,100 मापे असतात आणि प्रत्येक माप 65,536 पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसते. या संख्यांचा पुन्हा विद्युत्प्रवाह करणाऱ्या घटकाला जाणकार ‘डॅक’ म्हणतात.

फिलिप्सचा 1985 चा टीडीए 1541 हा असाच एक नामांकित डॅक. त्याच्या मुखातून दाब नव्हे, प्रवाह बाहेर पडतो, आणि तोही सगळा मिळून चार मिलिअँपिअर. एका पायरीच्या वाट्याला सुमारे 61 नॅनोअँपिअर येतात. शिवाय त्याची एक अट असते: मुखाशी दाब जवळजवळ शून्य राहिला पाहिजे, पंचवीस मिलिव्होल्टपलीकडे तो हलता कामा नये. या अटीत राहून त्या प्रवाहातून दोन व्होल्टचा स्वच्छ ध्वनिसंकेत काढावयाचा, हे शेवटच्या टप्प्याचे काम. सर्व कौशल्य येथे पणाला लागते, कारण येथे बिघडलेले पुढे कोणालाच सुधारता येत नाही.

सामान्यतः हे काम संकलित प्रवर्धकावर सोपविले जाई. 1968 च्या प्रसिद्ध 741 चा दाब एका मायक्रोसेकंदात अवघा अर्धा व्होल्ट चढे. डॅकच्या पायऱ्या तर याहून कितीतरी तीव्र उड्या घेतात. अशा मंद प्रवर्धकाची अचानक आलेल्या संकेताने क्षणभर भंबेरी उडते, हे फिनलंडच्या मात्ती ओताला यांनी 1970 साली दाखवून दिले होते. 5534 सारखी चपळ मंडले आल्यावर तक्रार पुष्कळशी निवळली. संशय मात्र गेला नाही.

सुट्या ट्रान्झिस्टरांची रचना मुळात साधी आहे. डॅकचा प्रवाह ट्रान्झिस्टरच्या उत्सर्जकात सोडावयाचा आणि पाया स्थिर दाबावर धरावयाचा. दहा मिलिअँपिअर वाहत असता उत्सर्जकाचा अडथळा अवघा अडीच ओहम भरतो. त्यामुळे डॅकच्या मुखाशी दाब दहा-पंधरा मिलिव्होल्टच हलतो आणि अट पाळली जाते. तोच प्रवाह संग्राहकाकडून सुमारे दीड हजार ओहमच्या रोधातून नेला की हवा तो दाब मिळतो. पुढे तारेचे ओझे पेलण्यास आणखी एक ट्रान्झिस्टर उभा करावयाचा. कागदावर हे एका संध्याकाळचे काम दिसते. परंतु तापमान एका अंशाने वाढले की पायाचा दाब सुमारे दोन मिलिव्होल्ट घसरतो, आणि सगळा तोल ढळू लागतो. म्हणून समान गुणांचे दोन ट्रान्झिस्टर निवडून, त्यांची तोंडे एकमेकांस चिकटवून बांधतात. एक तापला की दुसराही तापतो, आणि एकाची घसरण दुसऱ्याच्या घसरणीने फिटते. संकलित मंडलात दोघे एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर जन्मतात, तेथे हे विनासायास साधते.

तेव्हा सुट्या रचनेचा स्वर नेहमीच सरस असतो, हा तिच्या भक्तांचा दावा जसाच्या तसा मान्य करण्याचे कारण नाही. मापनयंत्रापुढे आजची उत्तम संकलित मंडले सहसा वरचढ ठरतात, आणि डोळ्यांवर पट्टी बांधून ऐकविले असता पुष्कळांची खात्री डळमळते. सुट्या रचनेचा खरा लाभ निराळा आहे. तिच्यातील प्रत्येक प्रवाह मोजता येतो, प्रत्येक भाग बदलता येतो, आणि कोणत्या रोधाने काय बिघडले हे बांधणाराला स्वतः पाहता येते. बंद डबीतील मंडल हे शिकवीत नाही.

पण हे शिक्षणही आता महाग होत चालले आहे. अल्प कुरकुरीसाठी नावाजलेला तोशिबाचा 2एसके170 हा घटक आता तो कारखाना बनवीत नाही. त्याच्या नावाचा छाप मारलेले भलतेच तुकडे जगभर विकले जातात. छाप पाहून ते ओळखत नाहीत. पाकीट फोडून एकेक तुकडा मापावा लागतो, आणि निम्मे बाजूला टाकून उरलेल्यांतून जोडी शोधावी लागते.