तांत्रिक लेखक : व्यवसाय-वर्गीकरणातील स्थान

यंत्र, संगणकप्रणाली किंवा प्रक्रिया कशी उभारावी, चालवावी आणि दुरुस्त करावी याची लेखी माहिती तयार करणारा तो तांत्रिक लेखक. सरकारी व्यवसाय-वर्गीकरणांत बहुतेक ठिकाणी त्याची गणना लेखकांत होते, अभियंत्यांत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या ‘इस्को-०८’ या वर्गीकरणात तो २६४१ या एकक गटात, म्हणजे ‘लेखक व संबंधित लेखनव्यावसायिक’ यांत येतो. भारताच्या ‘राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५’ने (एनसीओ) हीच चौकट घेतली आहे.

वर्गीकरण पदनामावरून होत नाही. माणूस प्रत्यक्ष कोणती कामे करतो आणि त्यांना कोणत्या पातळीचे व कोणत्या प्रकारचे कौशल्य लागते, हे त्यात पाहिले जाते. लेखन हे प्रधान कौशल्य मानल्यामुळे २६४१ मध्ये कादंबरीकार, कवी, नाटककार, भाषणे लिहून देणारे आणि यंत्रांच्या पुस्तिका लिहिणारे शेजारी-शेजारी बसतात. त्यावरच्या २६ या उपविभागात वकील, ग्रंथपाल, धर्मोपदेशक आणि नटही आहेत. पंपाची देखभाल-पुस्तिका लिहिणाऱ्याला ही सोबत पाहून थोडे हसू यावे. मात्र त्याच पंपाचा आराखडा काढणारा ड्राफ्ट्समन ३११८ मध्ये, तंत्रज्ञांच्या घरात आहे, आणि पंपाची रचना करणारा अभियंता २१ मध्ये. एकाच कागदावर आकृती आणि मजकूर असतो, पण तो तयार करणारी माणसे अशी तीन दिशांना जातात. इस्कोने २६४१ च्या कामांत तपशीलपत्रके, टिपणे व आराखडे अभ्यासून उपकरणांची उभारणी, वापर आणि देखभाल समजावणाऱ्या पुस्तिका तयार करणे हे काम स्पष्ट नोंदले आहे. तेव्हा तांत्रिक लेखक विसरला गेला असे म्हणता येत नाही. जागा ठरवताना विषयज्ञानापेक्षा माध्यमाला जास्त वजन मिळाले, एवढेच.

भारतातील पहिले एनसीओ १९५८ चे. १९६८ च्या आवृत्तीत गट १५ चे नाव ‘कवी, लेखक, पत्रकार व संबंधित’ असे होते आणि कवीला त्यात पहिले स्थान होते. २००४ ची आवृत्ती इस्को-८८ शी जुळवली गेली, तर २०१५ ची इस्को-०८ शी. संकेतांकही लांबत गेला : १९६८ मध्ये पाच अंक, २००४ मध्ये सहा आणि २०१५ मध्ये आठ. या आठांपैकी पहिले चार आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी असून उरलेले चार देशांतर्गत व्यवसाय वेगळे करतात. रोजगार कार्यालये आणि २०१५ साली सुरू झालेली राष्ट्रीय करिअर सेवा यांच्यासाठी हे शेवटचे अंक महत्त्वाचे, कारण रिकामी जागा आणि उमेदवार यांची गाठ त्यांच्यावर पडते.

सुपेला हे भिलाईतील (जि. दुर्ग, छत्तीसगढ) जीई रोडवरील दाट वस्तीचे आणि बाजाराचे ठिकाण. रेल्वेमार्गाच्या एका अंगाला पोलाद कारखाना व त्याच्या वसाहतीचे सेक्टर, दुसऱ्या अंगाला सुपेला. तांत्रिक लेखन भरपूर आणि तांत्रिक लेखक मात्र नोंदीत दिसणे अवघड, अशी स्थिती समजून घ्यायला ही जागा चांगली आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा हा भाग नागपूर राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रदेशात होता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. यंत्रांबरोबर रशियन भाषेतील आराखडे व सूचना आल्या, रशियन तज्ज्ञ आले आणि त्यांच्याबरोबर दुभाषेही. तज्ज्ञ काय सांगतो ते भट्टीजवळ उभ्या असलेल्या कामगाराला कळेल अशा शब्दांत पोहोचवणे हे तांत्रिक संज्ञापनाचेच काम. आजच्या चौकटीत मात्र असा दुभाषा २६४३ मध्ये, भाषांतरकार व भाषातज्ज्ञांत जाईल, आणि त्याच सूचना पुढे सुधारून लिहिणारा कनिष्ठ अभियंता अभियंताच राहील.

कारखान्यात आज हे लेखन ‘एसओपी’ (कामाची प्रमाण पद्धत) आणि ‘एसएमपी’ (देखभालीची प्रमाण पद्धत) या नावांनी चालते. त्यामागे सोयीबरोबर कायदाही होता. १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये कलम ४१-ब आले. धोकादायक प्रक्रियेतील धोके व त्यांवरील उपाय यांची माहिती कामगारांना देणे त्याने कारखान्यावर बंधनकारक केले, आणि अशा उद्योगांच्या पहिल्या अनुसूचीत लोह-पोलाद उद्योग होता. माहिती देणे बंधनकारक झाले तरी ती लिहिणारे वेगळे पद त्यातून निर्माण झाले नाही. ज्याच्याकडे शॉपची (कारखान्यातील विभागाची) जबाबदारी, त्याच्याकडेच लेखणी. अशा माणसाचा बहुतांश वेळ उत्पादन वा देखभालीत जात असल्याने त्याला २१ किंवा ३१ मधील संकेतांक मिळणे वर्गीकरणाच्या नियमांनुसार योग्यच आहे. कामे संमिश्र असतील तेव्हा सर्वांत वरच्या कौशल्यपातळीचे काम धरावे, असा इस्कोचा संकेत आहे. पण अभियंता आणि लेखक दोघेही व्यावसायिकांच्या एकाच पातळीवर असल्याने तो इथे उपयोगी पडत नाही.

नोंदीतली दुसरी गळती सर्वेक्षणात होते. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात व्यवसाय तीन अंकांपर्यंतच नोंदतात. संगणककंपनीसाठी घरून पुस्तिका लिहिणारी सुपेल्यातील एखादी व्यक्ती बरोबर नोंदली गेली तरी तिच्या वाट्याला २६४ येईल, आणि त्यात पत्रकार, भाषांतरकार व कादंबरीकार सगळे आले. शिवाय प्रगणकाला उत्तर पुष्कळदा घरातला दुसराच कोणी देतो. ‘कंपनीत आहे, कॉम्प्युटरवर काम करते’ एवढ्या उत्तरावर संकेतांक लावणाऱ्याने तरी काय करावे? (संकेतांक लावणाऱ्या कारकुनाला इस्कोत स्वतःचा संकेतांक आहे : ४४१३, मुद्रितशोधकांसोबत.) उद्योगाचे वर्गीकरण, म्हणजे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण २००८, ही वेगळीच मोजणी. त्यात माणूस काय करतो यापेक्षा तो जिथे काम करतो ती संस्था काय करते हे पाहतात. त्यामुळे पोलाद कारखान्यातला लेखक विभाग २४ मध्ये, मूलभूत धातूंच्या उत्पादनात, आणि पुण्यातील संगणकप्रणाली-कंपनीतला विभाग ६२ मध्ये मोजला जातो. दोघांचा व्यवसाय एकच असला तरी.

इतर काही देशांत वेगळा खाना करण्याकडे कल दिसतो. अमेरिकेच्या प्रमाण व्यवसाय वर्गीकरणात तांत्रिक लेखक २७-३०४२ वर स्वतंत्र आहेत आणि ग्रंथकार २७-३०४३ वर. तरीही दोघे कला, क्रीडा व माध्यमे यांच्याच महागटात. तेथील संघराज्य सरकार स्वतःच्या नोकरांसाठी निराळी यादी वापरते आणि तीत तांत्रिक लेखन-संपादनाला १०८३ ही मालिका आहे. सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन या १९५३ पासूनच्या संस्थेने स्वतंत्र नोंदीसाठी पाठपुरावा केला होता. २०२५ मध्ये संस्थाच बंद झाली, खाना राहिला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या २०२४ पर्यंतच्या सामायिक वर्गीकरणात २१२४१५ हा संकेतांक पत्रकारांच्या गटात होता. ब्रिटनमध्ये मात्र ३४१२ हा लेखक-भाषांतरकारांचा गट व्यावसायिकांच्या एक पायरी खाली, सहयोगी व्यावसायिकांत मोडतो.

कॅनडाने २०२१ च्या आवृत्तीत जुना ५१२१ गट फोडला : ५११११ मध्ये तांत्रिक सोडून इतर लेखक, ५१११२ मध्ये तांत्रिक लेखक. तेथे स्थलांतर करू पाहणाऱ्या कुटुंबांशी या विभागणीचा सरळ संबंध येतो, कारण अनुभव एखाद्या संकेतांकाखाली दाखवताना पदनाम पुरत नाही. त्या संकेतांकाच्या प्रारंभीच्या वर्णनाशी आणि मुख्य कामांच्या मोठ्या भागाशी अनुभवपत्रातील मजकूर जुळावा लागतो. त्यामुळे वर्षानुवर्षे एसओपी लिहिलेल्या, पण कागदोपत्री अभियंता असलेल्या अर्जदाराने अभियांत्रिकीचाच संकेतांक धरणे बहुधा श्रेयस्कर. पुण्यात ‘टेक्निकल रायटर’ म्हणून पगार घेतलेल्याला ५१११२ सिद्ध करणे त्या मानाने सोपे जाते.