यरुशलेमची आगगाडी आणि कोतेलची वाट

लोद आणि रामले या गावांत आपल्या समाजाची पुष्कळ कुटुंबे भारतातून येऊन स्थायिक झाली. या गावांवरून जाणारा लोहमार्ग आपणांस इतका परिचयाचा झाला आहे की त्याला स्वतःचा काही इतिहास असेल, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः या देशातील हा पहिला लोहमार्ग होय. याफो बंदरापासून लोद, रामले व बेथ शेमेशच्या बाजूने तो यरुशलेमपर्यंत नेण्यात आला, आणि कोतेलच्या यात्रेचे स्वरूप त्याने पालटून टाकले. आज आपली मंडळी सकाळी घरून निघतात, वाटाड्याच्या सोबतीने पश्चिम भिंतीचे दर्शन घेतात आणि रात्रीच्या जेवणाला घरी परततात. एका दिवसाची ही सहल शक्य होण्यासाठी काय काय घडावे लागले, हे जाणून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम एका शब्दाचा विचार करू. पेसाह, शावुओथ आणि सुक्कोथ या तीन सणांना यरुशलेमला जाण्याची आज्ञा तोरेत आहे. या यात्रेला हिब्रू भाषेत ‘आलिया ला रेगेल’ म्हणतात. ‘रेगेल’ म्हणजे पाय. यात्रेच्या नावातच पायी चालणे गृहीत धरलेले आहे. आगगाडीला मात्र ‘राकेवेत’ हा शब्द योजला गेला. त्याचे मूळ ‘स्वार होणे’ या धातूत असून रथाचा वाचक ‘मेर्कावा’ हा प्राचीन शब्दही त्याच धातूपासून झाला आहे. पायाकडून रथाकडे झालेला हा बदल केवळ शब्दाचा नव्हता. ज्या प्रवासासाठी मनुष्य घरदार सोडून निघत असे, तो प्रवास आता वेळापत्रकात बसू लागला.

रेल्वे येण्यापूर्वी याफोहून यरुशलेमला जाणे कष्टाचे असे. चाकांची गाडी जाईल असा रस्ता १८६० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाला. तत्पूर्वी घोडा, खेचर किंवा उंट हीच साधने होती. रस्ता झाल्यावरही प्रवासाचा अख्खा दिवस मोडे, आणि पुष्कळ लोक डोंगराच्या पायथ्याशी रात्र काढून पुढे जात. सर मोझेस माँटेफिओर यांनी आपल्या दीर्घ आयुष्यात यरुशलेमच्या अनेक वाऱ्या केल्या. याफो आणि यरुशलेम यांच्यामध्ये लोहमार्ग व्हावा, असा प्रयत्न त्यांनी १८५० च्या दशकातच केला होता. परंतु तो सिद्धीस गेला नाही. १८८५ साली ते निवर्तले तेव्हा या देशात एकही रूळ पडलेला नव्हता.

हे काम पुढे नेणारा गृहस्थ यरुशलेमचाच रहिवासी होता. योसेफ नवोन हे तेथे जन्मलेले यहुदी व्यापारी. इस्तंबूलला जाऊन, तेथे दीर्घकाळ मुक्काम ठोकून, त्यांनी १८८८ साली तुर्की सरकारकडून हा मार्ग बांधण्याचा ७१ वर्षांचा परवाना मिळविला. सुलतानाने त्यांना ‘बे’ हा किताबही दिला. परवाना मिळाला, पण भांडवल उभे राहिना. शेवटी १८८९ साली त्यांना तो परवाना फ्रेंच भांडवलदारांस विकावा लागला आणि एका फ्रेंच कंपनीने बांधकाम हाती घेतले. १८९० साली कामास आरंभ झाला. पहिली इंजिने अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरच्या बाल्डविन कारखान्यातून आली. २६ सप्टेंबर १८९२ रोजी समारंभपूर्वक मार्ग खुला करण्यात आला.

मुंबई ते ठाणे ही गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली होती. म्हणजे आपले आजे-पणजे मुंबई, ठाणे व कल्याणच्या स्थानकांवर गाडीची वाट पाहत उभे राहत, कित्येक जण तर रेल्वेच्याच चाकरीत होते, त्या वेळी पवित्र नगरीला अद्याप रूळ माहीत नव्हते. याफो-यरुशलेम मार्गाच्या दोन रुळांतील अंतर एक मीटर होते. भारतात ज्याला आपण मीटर गेज म्हणत असू, तेच हे माप. लांबी सुमारे ८७ किलोमीटर, आणि समुद्रकाठापासून सुमारे ७५० मीटरचा चढ. डोंगरातील दरीच्या वळणांनी वळत वळत गाडी जाई, म्हणून तिचा वेग बेताचाच असे. याफोहून यरुशलेमला पोहोचावयास सुमारे चार तास लागत.

तरीही एका दिवसात जाऊन परत येणे लगेच शक्य झाले नाही. आरंभी प्रत्येक दिशेने दिवसाला एकच गाडी धावे. त्यामुळे प्रवाशाला यरुशलेममध्ये रात्र काढावीच लागे. परंतु सामुदायिक सहलींना मोठी चालना मिळाली, यात शंका नाही. इंग्लंडमधील थॉमस कुक यांनी १८६९ साली या देशाच्या सहली सुरू केल्या होत्या. रेल्वे झाल्यानंतर याफोच्या बंदरात बोटीतून उतरलेले प्रवासी वाटाड्याच्या मागोमाग स्थानकावर जात आणि दुपारच्या गाडीने वर चढत. यरुशलेमचे स्थानक तटबंदीच्या बाहेर, दक्षिणेस होते. तेथून घोडागाडीने याफो दरवाजापर्यंत जावयाचे आणि पुढे अरुंद गल्ल्यांतून पायी, असा क्रम होता. म्हणजे रथातून आलेल्या यात्रेकरूलाही शेवटचा टप्पा पायांनीच पुरा करावा लागे.

या गाडीचे एक प्रवासी इतिहासात प्रसिद्ध आहेत. २८ ऑक्टोबर १८९८ रोजी, शुक्रवारी, थिओडोर हर्झल याफोहून यरुशलेमला निघाले. गाडी सुटावयास उशीर झाला. डब्यात गर्दी होती, उकाडा होता आणि त्यांच्या अंगात ताप भरला होता. गाडी यरुशलेमला पोहोचली तेव्हा शब्बाथ सुरू झालेला होता. आजारी मनुष्याने घोडागाडी केली असती तर ते समजण्यासारखे होते. परंतु सोबतच्या मंडळींच्या मनाला लागेल म्हणून हर्झल काठी टेकीत, चांदण्यात, मुक्कामाच्या जागेपर्यंत चालत गेले. धर्माचे नियम कडकपणे पाळणारे म्हणून ते प्रसिद्ध नव्हते. तरीही यरुशलेमच्या वेशीशी आल्यावर बरोबरच्या माणसांची श्रद्धा राखावी, एवढे त्यांनी जाणले.

आता वाटेकडे पाहू. या मार्गावर वाटाड्याला सांगण्यासारखे पुष्कळ आहे. बेथ हमिक्दाश इसवी सन ७० मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केल्यानंतर लोद हे विद्येचे मोठे केंद्र बनले, आणि रब्बी एलिएझेर व रब्बी तार्फोन यांची नावे त्या गावाशी निगडित आहेत. रामले येथे पांढरा मनोरा आहे. पुढे सोरेकचे खोरे लागते. शिमशोनच्या कथेतील सोरा आणि एश्ताओल ही ठिकाणे याच परिसरातील. पलिष्ट्यांनी कराराचा कोश परत पाठविला तेव्हा गाडीला जुंपलेल्या दुभत्या गाई बेथ शेमेशच्या वाटेने सरळ चालत आल्या, हे शमुएलच्या पहिल्या पुस्तकात आपण वाचतो. त्याच्याही पुढे बत्तीर हे गाव आहे. शिमोन बार कोखबाचा शेवटचा किल्ला बेथार तो हाच, आणि इसवी सन १३५ मध्ये तो पडला. म्हणजे ज्या वाटेने आपण आशेने वर जातो, तिच्यावरच आपल्या स्वातंत्र्याचा शेवटही झाला होता.

या मार्गाने युद्धेही पाहिली. पहिल्या महायुद्धात तुर्की सैन्याने याफो व लोद यांमधील रूळ उखडून अन्यत्र वापरले. पुढे ब्रिटिश अमदानीत १९२० सालापर्यंत सबंध मार्ग रुंद करण्यात आला आणि लोद हे देशातील मोठे रेल्वे जंक्शन बनले. १९४८ च्या युद्धात यरुशलेमच्या गाड्या बंद पडल्या. ३ एप्रिल १९४९ रोजी जॉर्डनबरोबर युद्धविराम करार झाला, त्यात रेषा अशी आखली गेली की लोहमार्ग संपूर्णपणे इस्राएलच्या ताब्यात राहिला. बत्तीर गाव मात्र पलीकडे राहिले आणि गावकऱ्यांना रुळांच्या अलीकडील आपल्या शेतांत येण्याची मुभा देण्यात आली. ७ ऑगस्ट १९४९ रोजी पहिली इस्राएली गाडी यरुशलेमला पोहोचली. तिच्यात पीठ होते, सिमेंट होते आणि सेफेर तोरा होते. नवीन राष्ट्राला काय हवे होते, हे त्या तीन वस्तूंवरून कळते. १९५० च्या मार्च महिन्यापासून नियमित गाड्या धावू लागल्या.

आमच्या मते या इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगा काळ यानंतरचा आहे. गाडी यरुशलेमला पोहोचत होती, परंतु कोतेल बंद होते. जुने शहर जॉर्डनच्या ताब्यात गेले होते. पवित्र स्थळी मुक्त प्रवेशाचा उल्लेख युद्धविराम करारात होता, पण तो अमलात आला नाही. भारतातून त्या वर्षांत आलेला आपला बांधव लोदला गाडीत बसून यरुशलेमला उतरू शकत असे. सियोन पर्वतावर, दावीद राजाच्या समाधीपर्यंतही जाऊ शकत असे. तेथून तट दिसत, घुमट दिसत. तटाच्या आत मात्र पाऊल टाकता येत नसे. कोकणातल्या आणि मुंबईच्या प्रार्थनामंदिरांत आपण पश्चिमेकडे तोंड करून प्रार्थना केली. समुद्र ओलांडून आल्यावर लोदहून पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत बसलो, आणि तरीही शेवटचे थोडेसे अंतर १९ वर्षे ओलांडता आले नाही. अंतर तोडणे आणि प्रवेश मिळणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पहिली गोष्ट अभियंते साधून देतात, दुसरी त्यांच्या हातची नसते.

हे सत्य आपल्या समाजाला आणखी एका प्रकारे अनुभवावे लागले. १९६२ साली बेने इस्राएल वधूवरांच्या विवाहापूर्वी पूर्वजांच्या वंशाची चौकशी करण्याचा निर्देश निघाला. शेकडो वर्षे शब्बाथ पाळल्यामुळे ज्यांना कोकणात ‘शनिवार तेली’ हे नाव पडले, त्यांच्या यहुदीपणाविषयी प्रश्न उभा केला गेला. १९६४ च्या उन्हाळ्यात आपले बांधव गावोगावहून यरुशलेमला आले आणि त्यांनी धरणे धरले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने, बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असून इतरांहून वेगळे नाहीत, अशा आशयाचा ठराव संमत केला. त्या वेळी आपली माणसे यरुशलेमला गेली ती स्मारके पाहण्यासाठी नव्हे. मुंबईहून इस्राएलपर्यंतचे अंतर तोडून झाले होते, दार उघडावयाचे राहिले होते, आणि ते त्यांनी शांतपणे व धीराने उघडून घेतले.

कोतेलचे दार त्यानंतर तीन वर्षांनी उघडले. ७ जून १९६७ रोजी इस्राएली सैनिक भिंतीपाशी पोहोचले. भिंतीसमोर पूर्वी केवळ एक अरुंद गल्ली होती. समोरची मुघराबी वस्ती हटवून तेथे पटांगण करण्यात आले, आणि १४ जून रोजी, शावुओथच्या दिवशी, सर्व लोकांना दर्शनाची मुभा मिळाली. त्या एका दिवसात सुमारे २ लाख माणसे तेथे आली. सणाचा दिवस असल्यामुळे वाहन वर्ज्य मानणारे असंख्य लोक पायीच आले. अशा रीतीने ‘रेगेल’ या शब्दाचा मूळ अर्थ पुन्हा एकदा खरा झाला.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. यरुशलेमचे जुने स्थानक १९९८ साली बंद झाले. दुरुस्तीनंतर २००५ साली याच मार्गावर मालखापर्यंत गाड्या पुन्हा सुरू झाल्या, परंतु बेथ शेमेशच्या पुढील डोंगरी टप्प्यावरील प्रवासी वाहतूक २०२० साली थांबली. मध्यंतरी, २०१८ साली, वेगवान गाड्यांचा नवीन मार्ग खुला झाला. तो बोगद्यांतून आणि उंच पुलांवरून जातो व जमिनीखाली सुमारे ८० मीटर खोल असलेल्या स्थानकात पोहोचतो. त्या स्थानकाला माजी राष्ट्राध्यक्ष यित्झाक नवोन यांचे नाव आहे. जुना मार्ग ज्यांच्या खटपटीने झाला ते योसेफ नवोन निराळे, हे मुलांना सांगावयास हवे. चार तासांचा प्रवास आता सुमारे अर्ध्या तासावर आला आहे. वृद्धांची आणि रुग्णांची यामुळे मोठी सोय झाली, हे मान्य केलेच पाहिजे.

मात्र बोगद्यातून जाणाऱ्या मुलाला ना सोरेकचे खोरे दिसते, ना बत्तीरच्या पायऱ्यापायऱ्यांची शेते. त्याच्या दृष्टीने यरुशलेम हे सरकत्या जिन्याच्या वरच्या टोकाला असते. म्हणून आमची समाजातील मंडळांस अशी सूचना आहे की, कोतेलची सहल काढताना लोद किंवा रामलेहून बेथ शेमेशपर्यंत तरी जुन्या मार्गाच्या गाडीने जावे, आणि तेथून पुढे बसने चढावे. यरुशलेममध्ये प्रथम जुन्या स्थानकाच्या आवारात थांबावे, तेथून सियोन पर्वतावर जावे, आणि १९६७ पूर्वी आपल्या वडीलधाऱ्यांना कोठपर्यंत येता येत होते ती जागा मुलांना दाखवावी. मगच तटाच्या आत शिरावे. शहराची माहिती सांगावयास वाटाड्या आहेच. पण ही एवढी हकीकत सहलीतील एखाद्या आजोबांनी वा आजींनी आपल्या मराठीतून सांगावी, आणि नातवंडांनी हवे तर ती हिब्रूत एकमेकांस समजावून द्यावी. त्यासाठी भिंतीपाशी पोहोचावयास अर्धा दिवस अधिक लागला तरी हरकत नाही.