दाभोळ ते हट्टा: पुरवठा तुटला तर काय बंद पडतं?

आमच्या हट्ट्यात सौर पंप बघितला की मला दाभोळ आठवतं. १९९९ मध्ये एन्रॉनचा ७४० मेगावॅटचा टप्पा सुरू झाला. इंधन नाफ्था, दर डॉलरशी बांधलेला. तेल चढलं, रुपया घसरला, वीज महागली. २००१ मध्ये वीज मंडळाने ती घेणं थांबवलं, प्रकल्प बंद पडला.

सौर पंपाला ऊन फुकट; पण पॅनलचं पॉलिसिलिकॉन बहुतांश चीनमध्ये बनतं. मग परावलंबन संपलं का? नाही, त्याचं रूप बदललं. इंधन तुटलं की चालू वीज थांबते. पॅनल अडले तर नवे पंप रखडतात, जुने चालूच राहतात. म्हणून संशोधनात फक्त आयातीची टक्केवारी मोजू नका. पुरवठा तुटल्यावर काय बंद पडतं आणि किती दिवसांत, हेही विचारा.