कीलच्या डॉक्टरांची दुर्बीण

इथे जर्मनीत अपेंडिक्सला बोलताना सगळे 'ब्लिंडडार्म' म्हणतात, म्हणजे आंधळं आतडं. आणि मंडळी, डॉक्टरांनाही तिथे कित्येक वर्षं चाचपडावंच लागलं. अमेरिकन सर्जन मॅकबर्नीने 1889 साली दुखण्याचा नेमका बिंदू दाखवला खरा. पण तिथेच अंडाशय, गर्भनलिकेच्या संसर्गानेही दुखतं आणि कधीकधी कृमींनीही. मग संशयावर पोट उघडायचं, आणि बऱ्याचदा निरोगी अपेंडिक्स हाती यायचं!

कील विद्यापीठाचे कुर्ट झेम हे स्त्रीरोगतज्ज्ञ. बेंबीजवळच्या छोट्या छेदातून दुर्बीण घालून ते गर्भाशय, अंडाशय बघत. सप्टेंबर 1980 मध्ये त्यांनी त्याच पद्धतीने अपेंडिक्सही काढलं. सर्जन मंडळी खवळली. झेमना वैद्यकी करायला बंदी घाला, इथवर मजल गेली. आज मात्र तीच शस्त्रक्रिया जगभर रूढ आहे.

आता आधी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी होते. तरी शंका उरलीच, तर दुर्बिणीतून अपेंडिक्स आणि अंडाशय दोन्ही दिसतात. पण भारतातून नुकतेच आलोय, पाळी चुकली आहे, हे दुर्बिणीला कसं कळणार? ते आपणच न लाजता डॉक्टरांना सांगायला हवं.