माकडांचे मृत्यू आणि गोचिडांची तपासणी : क्यासनूर अरण्यज्वराच्या संशोधनाचा इतिहास

प्रस्तावना :
इ. स. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर अरण्याच्या परिसरात, काळ्या तोंडाची वानरे व लाल तोंडाची माकडे मोठ्या संख्येने मृत आढळू लागली. त्याच सुमारास लगतच्या खेड्यांत तीव्र तापाची साथ पसरली. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी शंका निर्माण झाली. ही शंका खरी ठरली असती, तर तिचे परिणाम देशव्यापी झाले असते.

शोधाची दिशा :
भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या विषाणू संशोधन केंद्राकडे (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) हा तपास आला. टेलफोर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रॅपिडो प्रभृती संशोधकांनी रुग्ण व मृत माकडे यांच्यापासून विषाणू वेगळा केला. तो पीतज्वराचा नव्हता. त्याचे नाते रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूंशी होते. साहजिकच डासांवरून लक्ष गोचिडांकडे वळले.

तपासणीची पद्धत श्रमाची होती. जंगलातील पाचोळ्यावरून कापड ओढून, तसेच प्राण्यांच्या अंगावरून गोचीड गोळा करावयाचे, त्यांची जातवार विभागणी करावयाची आणि त्यांचा अर्क उंदरांच्या पिलांना टोचावयाचा, असा हा क्रम होता. त्यातून ‘हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ ही जात प्रमुख वाहक असल्याचे निष्पन्न झाले. मृत माकडाच्या अंगावरून गळून पडलेले बाधित गोचीड आसपासची जागा धोकादायक करतात, हेही स्पष्ट झाले.

अन्वयार्थ :
दोष माकडाचा, असे लोकमानसाने गृहीत धरले. ‘माकडताप’ हे रूढ नाव त्याचेच द्योतक होय. परंतु माकड हे या रोगाचे बळीच आहे. या गोचिडाच्या पिलावळीचे पोषण लहान प्राणी, पक्षी व माकडे यांच्यावर होते, तर प्रौढ गोचिडांचे प्रामुख्याने गुरांसारख्या मोठ्या प्राण्यांवर. शेतीसाठी जंगलतोड झाली, गुरे अरण्यात चरू लागली व गोचिडांची संख्या वाढली, ही मीमांसा बॉशेल यांनी १९६९ मध्ये मांडली. म्हणजेच रोगाच्या प्रसाराचे एक मूळ मानवी भूमिवापरात होते.

पुढे २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी व २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात ही साथ उद्भवली. काजूच्या बागांत राबणारी माणसे तिच्या कक्षेत आली.

समारोप :
आज उंदरांच्या पिलांऐवजी जनुकीय चाचणीने काही तासांत निदान होते. परंतु मृत माकडाची वेळेवर नोंद व गोचिडांचे संकलन यांना पर्याय नाही. संकटग्रस्त सिंहपुच्छ माकडाचा अधिवासही याच सह्याद्रीत आहे. त्यामुळे गोचिडांची नियमित तपासणी हा सार्वजनिक आरोग्याचा तसाच वन्यजीव संरक्षणाचाही प्रश्न ठरतो. माकडांना हुसकावणे हा या रोगावरील उपाय नव्हे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.