औंधचे संग्रहालय, शांतारामांचा कॅमेरा आणि उभारणीची स्मृती

१/ मिरजेची कीर्ती तंतुवाद्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब यांनी शिकलगारीचा पिढीजात व्यवसाय सोडून येथे तंबोरे घडवण्यास आरंभ केला, अशी परंपरा सांगते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही लाभले. तरी मैफलीत नाव गाजते ते गायकाचे. भोपळा पारखणारा आणि जवारी लावणारा कारागीर श्रोत्यांना सहसा ठाऊक नसतो.

२/ कलासंग्रहालयाची गोष्ट याहून वेगळी नाही. प्रेक्षक चित्रासमोर उभा राहतो, चित्रकाराचे नाव वाचतो आणि पुढच्या दालनात जातो. ते चित्र तेथे कसे आले, कोणी जमवले, ती भिंत का उभारली, हे प्रश्न त्याच्या मनात क्वचितच येतात. मग संग्रहालयाच्या उभारणीवर माहितीपट करणाऱ्या दिग्दर्शकाला सन्मान मिळतो, तेव्हा तो नेमका कशाचा असतो? उत्तर शोधण्यासाठी मिरजेहून फार दूर जावे लागत नाही.

३/ मिरजेहून पुण्याकडे निघालेली गाडी सांगली, भिलवडी मागे टाकून किर्लोस्करवाडीला येते. कुंडलजवळची ही जागा औंध संस्थानची. १९१० मध्ये संस्थानाधिपतींनी ती लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिली आणि माळरानावर कारखाना उभा राहिला. हेच लक्ष्मणराव त्यापूर्वी औंधच्या देवीच्या मंदिराचा सभामंडप बांधण्यासाठी तेथे गेले होते. उभारणी करणाऱ्या माणसांना हेरणारा हा संस्थानिक कोण होता?

४/ भवानराव श्रीनिवासराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८, गादीवर आले १९०९ मध्ये. स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे अखंड पुरस्कर्ते. त्यांचे संस्थान लहान होते. अवघी ७२ गावे, तीही सलग नव्हेत. औंध, आटपाडी, कुंडल अशी विखुरलेली. मिरजेच्या पटवर्धनांच्या संस्थानांप्रमाणेच दख्खनच्या नकाशावरचा हा एक छोटासा ठिपका.

५/ या ठिपक्यात चित्रकलेचे वेड मात्र मोठे होते. बाळासाहेबांचे सचित्र रामायण १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तिच्या मुळाशी त्यांनी १९१८ मध्ये जाहीर केलेली एक लाख रुपयांची देणगी होती. वेरूळ आणि अजिंठ्याच्या लेण्यांवर त्यांनी पुस्तके लिहिली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार आणि वेदाभ्यासक पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधलाच येऊन स्थायिक झाले.

६/ या दीर्घ व्यासंगातून जमलेला संग्रह १९३८ मध्ये औंधच्या यमाईच्या डोंगरावर, मूळपीठाच्या वाटेवर खास बांधलेल्या इमारतीत मांडला गेला. हेच श्री भवानी संग्रहालय. राजा रविवर्मा आणि धुरंधरांची चित्रे, किरातार्जुनीयाची लघुचित्रमालिका, हस्तिदंती आणि लाकडी कोरीवकाम, पाश्चात्त्य कलाकृतींच्या प्रतिकृती, आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे माता व बालकाचे शिल्पही. महानगर सोडाच, रेल्वे स्थानकही नसलेल्या गावात हे सारे एकत्र आले.

७/ या वर्षाकडे लक्ष दिले पाहिजे. १९३८-३९ हाच औंधमधील सत्तादानाचा काळ. गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली घडलेली स्वराज्य घटना १९३९ मध्ये अमलात आली आणि संस्थानिकाने आपले अधिकार प्रजेच्या पंचायतींच्या हाती दिले. युवराज आप्पासाहेब पंत आणि पोलंडमधून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन तथा भारतानंद हे या प्रयोगाचे सूत्रधार. राजाने याच सुमारास राज्यही वाटले आणि चित्रेही वाटली, असे म्हणता येईल. खाजगी संग्रहाचे दार लोकांसाठी उघडणे हे त्याच दानाचे दुसरे अंग होते.

८/ तिसरे अंग आटपाडीजवळ साकारले. शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना भिंतीबाहेर शेती करू द्यावी, कुटुंबासह राहू द्यावे आणि विश्वासाने सुधारावे, या कल्पनेतून तेथे स्वतंत्रपूर ही मुक्त वसाहत वसली. फ्रीडमन यांचा तीत मोठा वाटा होता. साखळदंडाशिवायचा तुरुंग ही त्या काळी हिंदुस्थानात जवळपास अकल्पनीय गोष्ट होती.

९/ आटपाडी तालुक्यातील शेटफळे हे ग. दि. माडगूळकरांचे जन्मगाव, आणि त्यांचे शालेय शिक्षण औंधला झालेले. स्वतंत्रपूरच्या प्रयोगावरून त्यांनी कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी तिच्यावर ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा चित्रपट केला. सहा खुनी कैदी, एक जेलर आणि उजाड जमीन, कथानक एवढेच. चित्रीकरणात बैलाशी झुंजताना शांतारामांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, तरी काम पूर्णत्वास गेले.

१०/ पुढचा इतिहास सन्मानांचा आहे. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. अमेरिकेत परदेशी चित्रपटासाठीचा सॅम्युएल गोल्डविन पुरस्कारही मिळाला. ज्या संस्थानाचे नाव पुण्यापलीकडे फारसे कोणाला ठाऊक नव्हते, त्याच्या एका कोपऱ्यातील प्रयोग बर्लिनच्या पडद्यावर पोहोचला. संस्थान तोवर विलीन होऊन दहा वर्षे लोटली होती. ८ मार्च १९४८ रोजी मिरजेसह दख्खनची संस्थाने मुंबई प्रांतात सामील झाली आणि १९५१ मध्ये बाळासाहेबही निवर्तले.

११/ म्हणजे एकाच सुमारास, एकाच आश्रयाखाली दोन वास्तू उभ्या राहिल्या: भिंती नसलेला तुरुंग आणि डोंगरावरचे कलासंग्रहालय. पहिल्याला शांताराम लाभले. दुसऱ्याला त्या तोडीची कथा लाभली नाही. वास्तविक पाहण्याजोगे सारे संग्रहालयातच होते. चित्रे, शिल्पे, रंग. तरी लोकस्मृतीत ठसला तो तुरुंग. कारण चित्रपटाने तेथे निकाल दाखवला नाही, घडण दाखवली: माणूस बदलतो कसा, जमीन पिकते कशी.

१२/ घडण दाखवण्याचे हे सामर्थ्य मराठी माणसाने चित्रपटाच्या प्रारंभीच ओळखले होते. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे करताना दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीत लावलेल्या बीजाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपली. पडद्यावर क्षणार्धात अंकुर फुटून रोप उभे राहिले आणि पैसा पुरवणाऱ्याचा विश्वास बसला. पुढे चित्रपट कसे तयार होतात, यावरही त्यांनी एक छोटा पट केला. डोळ्याला एरवी न दिसणारा काळ दाखवणे, ही माहितीपटाची मूळ विद्या आहे.

१३/ संग्रहालयाच्या उभारणीला ही विद्या किती मानवते, हे परदेशी उदाहरणांवरून कळते. लॉस एंजेलिसचे गेटी सेंटर डिसेंबर १९९७ मध्ये उघडले. त्याआधीची बारा-तेरा वर्षे अल्बर्ट मेझल्स, सुझन फ्रूमके आणि बॉब आयझेनहार्ट यांच्या ‘कॉन्सर्ट ऑफ विल्स’ या माहितीपटात आली आहेत. वास्तुरचनाकार रिचर्ड मायर आणि उद्यानाचा कलाकार रॉबर्ट आयर्विन यांच्यातील मतभेद त्यात उघडपणे दिसतात. आज त्या शुभ्र दगडी आवारात फिरणाऱ्याला या वादांची चाहूलही लागत नाही. पुढे २०१४ मध्ये मेझल्स यांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते राष्ट्रीय कलापदक मिळाले, ते त्यांच्या आयुष्यभराच्या चित्रपटकार्यासाठी.

१४/ दुसरे उदाहरण ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमचे. २००३ मध्ये नूतनीकरणासाठी मुख्य इमारत बंद झाली ती २०१३ मध्येच उघडली. ऊके होखेन्डाइक या दिग्दर्शिकेने ती दहा वर्षे चित्रित केली. विलंबाचे एक मोठे कारण होते इमारतीखालून जाणारी सायकलवाट! नागरिकांनी ती सोडण्यास नकार दिला आणि आराखडा बदलावा लागला. रेम्ब्रांटच्या चित्राइतकाच सायकलस्वारांचा हट्टही त्या संग्रहालयाच्या इतिहासाचा भाग आहे. तो पुढच्या पिढ्यांना डोळ्यांनी पाहता येईल, याचे श्रेय कॅमेऱ्याला जाते.

१५/ भारतात माहितीपटकारांच्या सन्मानाची कथा पुन्हा कोल्हापूरच्या शांतारामांपाशीच येऊन पोहोचते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी सरकारच्या फिल्म ॲडव्हायझरी बोर्डाचे मुख्य निर्माते म्हणून काम पाहिले होते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात दिला जाणारा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. २००२ मध्ये तो विजया मुळे यांना मिळाला. ज्याने औंधचा तुरुंग जगाला दाखवला, त्याच्याच नावाने आज वास्तव टिपणाऱ्यांचा गौरव होतो.

१६/ आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. संग्रहालयाच्या उभारणीवरील माहितीपटाला मिळालेला सन्मान दिग्दर्शकाच्या हाती येतो, पण त्यात गवंडी, सुतार, चौकट बसवणारा, यादी करणारा, निधी देणारा आणि हरकत घेणारा, असे अनेक वाटेकरी असतात. इमारत पूर्ण झाली की ही माणसे तिच्यातून निघून जातात. त्यांचा काळ टिपून ठेवणारा कोणी असला, तरच ती इतिहासात राहतात.

१७/ औंधच्या डोंगरावर दगड चढवणाऱ्यांपैकी किती जणांची नावे आज सांगता येतील? राजाचे नाव राहिले, चित्रकारांची नावे राहिली. संग्रहालय महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या देखरेखीखाली आहे आणि चित्रेही जागेवर आहेत. मात्र एका छोट्या संस्थानाने आपली सत्ता सोडताना आपली कला लोकांना कशी सोपवली, ही कथा पुस्तकांच्या पानांतून आणि जुन्या माणसांच्या आठवणींतून वेचावी लागते. स्वतंत्रपूरची कथा मात्र एका संध्याकाळी अडीच तासांत पाहून होते.

१८/ गावोगावी नवी संग्रहालये, कलादालने, स्मारके उभी राहत आहेत. उद्घाटनाचे छायाचित्र सर्वांकडे असते. पायाच्या खोदकामाचे क्वचितच कोणाकडे. पाया खणला जात असतानाच कोणी कॅमेरा घेऊन उभे राहिले, कारागिरांची नावे विचारली, वाद-विवाद टिपून ठेवले, तर पुढच्या शतकातील वाचकाला औंधसारखे तुकडे जोडत बसावे लागणार नाही. असे काम करणाऱ्याचा गौरव व्हावा, यामागचे कारण एवढेच आहे.

१९/ मिरजेहून निघालेला प्रवासी कऱ्हाड ओलांडून रहिमतपूरला उतरला, की औंध तेथून सुमारे २० किलोमीटर. डोंगर चढून संग्रहालयात गेल्यावर रविवर्म्याची चित्रे जरूर पाहावीत. मग क्षणभर चित्रांवरून नजर काढून त्या भिंतींकडेही पाहावे. १९३८ साली त्या कोणासाठी उभारल्या गेल्या, याचे उत्तर दालनात फिरणाऱ्या गर्दीकडे पाहिले की मिळते.

(समाप्त)