टोक आणि पोट

लघुचित्रांच्या जगात एक दंतकथा पिढ्यान्‌पिढ्या फिरते आहे: एकाच केसाचा कुंचला असतो म्हणे! राजस्थानातली चित्रं पाहून आलेला कुणीही ती रंगवून सांगतो, राणीच्या पापण्या एका केसानं काढलेल्या. ऐकायला झकास आहे. पण एक केस पाण्यात बुडवून बघा. त्याला रंग चिकटतो, साठत मात्र नाही. कागदाला टेकेपर्यंत तो वाळून गेलेला असतो. रेघ एका केसाची दिसते ती अनेक केसांची जुडी शेवटी एका टोकाशी जमते म्हणून. लिहितं टोक, आणि त्याला रंग पुरवतं मागचं पोट. बारीक कुंचल्याचं सगळं कूळ या दोघांच्या जमण्यातून वाढलं आहे. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे किंवा युद्धखेळातले बोटभर सैनिक रंगवायला निघालेली मुलं दुकानात जाऊन थेट ‘ट्रिपल झिरो’ हा अतिबारीक नंबर मागतात, तेव्हा पोटाचा विचार कुणी केलेलाच नसतो.

हा विचार आपल्याकडे जुना आहे. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. हत्ती, स्वयंपाक, संगीत यांच्याबरोबर चित्रकलाही त्यात आहे, आणि कुंचला कसा करावा हेही. केस वासराच्या कानातले घ्यायचे आणि लाखेनं काडीला बसवायचे. पुढे बारीक कामाला खारीच्या शेपटीनं मान मिळवला. वासराचा कान, खारीची शेपूट, हे राजाचे किंवा चित्रकारांचे चोचले नव्हेत. अशा केसाची मुळाशी एक जाडी असते, मधे तो फुगतो आणि शेवटी निमुळता होत जातो. ते निसर्गानं दिलेलं टोक कारागीर कधी कापत नाही. केस टोकं खाली करून छोट्या पेल्यात घालतो, पेला आपटून सगळी टोकं सारखी करतो आणि कात्री चालवतो ती मुळाकडून. टोक कापलं की उरतो तो भिंतीचा ब्रश.

खारीच्या शेपटीच्या केसाला किंचित बाक असतो. म्हणून राजस्थानी कुंचल्याचं टोक थोडं वाकडं दिसतं, आणि एका दमात वळणारी रेघ काढायला तेच सोयीचं पडतं. केसांची ही जुडी पक्ष्याच्या पिसाच्या पोकळ नळीत ओवायची. पीस पाण्यात भिजवलं की मऊ होतं आणि वाळलं की केसांना करकचून धरतं. युरोपातही हाच रिवाज होता. तिथं कुंचल्याचा आकार आकड्यात सांगत नसत, पक्ष्यात सांगत. चंडोल म्हणजे सर्वात बारीक, मग कावळा, बदक, हंस. ‘कावळा द्या, बदक नको’ असं दुकानात मागण्यातली गंमत शून्य नंबरात नाही. पुढे पत्र्याची नळी आली आणि पक्षी गेले.

टोक आणि पोट दोन्ही पणाला लावणारं काम बघायला आता पुण्याजवळच्या दापोडीला यायला हवं. आज दापोडी म्हटलं की एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा, लष्करी अभियांत्रिकीचं महाविद्यालय (सीएमई) आणि हॅरिस पुलावरची गर्दी आठवते. इंग्रजी कागदांत हे गाव ‘दापुरी’ आहे. पेशव्यांच्या चाकरीतल्या कवायती फौजेचा कॅप्टन फोर्ड इथं राहत होता, आणि ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या लढाईत त्याची पलटण इथूनच निघून इंग्रजांना जाऊन मिळाली. त्याचा बंगला मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम यानं १८२८ मध्ये सरकारसाठी घेतला आणि सोबतच्या जमिनीवर वनस्पतींची बाग उभी राहिली. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर १८३८ पासून तिचा अधीक्षक होता. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला, आणि त्याच वर्षापासून १८५० पर्यंत त्यानं एका चित्रकाराकडून इथल्या झाडाफुलांची दीडशेहून अधिक जलरंगचित्रं काढून घेतली. ती आज एडिनबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये ‘दापुरी चित्रं’ म्हणून जपली आहेत. हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिलं.

चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता. नाव नोंदलेलं नाही. पन्नासेक वर्षं आधी पुण्यातच जेम्स वेल्सच्या हाताखाली शिकलेल्या गंगाराम तांबटाचं नाव निदान उरलं. गिब्सनच्या माणसाच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. बागेचा अधीक्षक, बंगल्याचा मालक, पुस्तकाचा लेखक, सगळ्यांची नावं आहेत, ज्याच्या हातात कुंचला होता त्याचंच नाही. आणि काम सोपं नव्हतं. वनस्पतिशास्त्रज्ञाला फूल सुंदर दिसून भागत नाही. त्याला पुंकेसर मोजता यावे लागतात, देठावरची लव दिसावी लागते. पानाच्या कडेची लांब रेघ आणि तिच्या शेजारची सूक्ष्म लव, दोन्ही न थांबता काढायची तर कुंचल्याला पोट हवं आणि टोकही.

योगायोग असा की १८४८ च्याच आसपास जर्मनीत न्युरेंबर्गला हाइनरिक्सन या कारखान्यानं कथलाच्या सपाट सैनिकांची उंची सुमारे ३० मिलिमीटर ठरवून टाकली. आज जगभर रंगवल्या जाणाऱ्या छोट्या सैनिकांचं माप त्याच्या जवळपासच आहे. एवढ्या सैनिकाचा डोळा मिलिमीटरभरही नसतो. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी सराईत हाताकडेच देतात, कारण तिथं चुकलं की मूर्तीचा भावच बदलतो. इथं तर चूक आणि डोळा एकाच मापाचे.

पुढची नोंद लंडनची. १८६६ मध्ये विन्सर अँड न्यूटननं राणी व्हिक्टोरियासाठी उत्तम कुंचले बनवले; तिचा आवडता नंबर सात, म्हणून मालिका ‘सिरीज सेव्हन’. केस कोलिन्स्कीचे. सेबल म्हणून विकला जाणारा हा प्राणी प्रत्यक्षात सायबेरियातला एक विझल, मुंगसासारखा लांबट. त्याच्या शेपटीचा केस लवचीक असतो. दाबला की वाकतो, सोडला की पुन्हा टोकावर येतो. हिमालयातही हा विझल आहे, आणि भारताच्याच मागणीवरून त्याचं नाव वन्यप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणून सीमेवर कागदपत्रं अपुरी निघाली की या कुंचल्यांची पेटी अडकते.

आपल्या बाजाराची गोष्ट याहून काळी आहे. वर्षानुवर्षं इथं चांगला ब्रश म्हणजे मुंगसाच्या केसांचा. खारीची शेपूट कातरून तिला सोडून देता येतं, मुंगसाला मारतात. किलोभर केसांमागे सुमारे ५० मुंगसं जातात. कायद्यानं हा व्यापार बंद आहे, तरी २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागानं ब्रशांचं गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उत्तर प्रदेशातल्या शेरकोटपासून इतर राज्यांपर्यंत छापे घातले तेव्हा ५० हजारांहून जास्त ब्रश आणि १०० किलोहून जास्त केस सापडले. करड्या-तपकिरी पट्ट्यांचा, टोकाला गडद केस दिसला तर तो ब्रश दुकानदाराच्या हातात परत द्यावा. स्वस्त आहे म्हणून घ्यायचा मोह आवरावा, एवढं मी आग्रहानं म्हणेन.

उरला कृत्रिम तंतू. १९३५ मध्ये नायलॉन सापडलं आणि तीनच वर्षांत ते दात घासण्याच्या ब्रशात गेलं. त्याची टोकं निमुळती करायचं तंत्र जमल्यावर कलावंतांचे सोनेरी ब्रश आले. ते टिकाऊ आहेत, ॲक्रिलिकला दबत नाहीत. पण पाणी कमी धरतात आणि काही दिवसांनी टोक आकड्यासारखं वळतं. तरी शिकणाऱ्यानं सुरुवात यानंच करावी. ॲक्रिलिक एकदा पत्र्याच्या नळीत शिरून वाळला की कोलिन्स्कीसुद्धा फेकावा लागतो, आणि नवशिक्याच्या हातून हे होतंच.

दुकानात नवा ब्रश बघताना त्याच्या टोकावर विश्वास ठेवू नये. तो गोंदानं बसवलेला असतो. त्या अवस्थेत सगळेच टोकदार दिसतात. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदाराकडे वाटीभर पाणी मागावं, गोंद धुवावा, ब्रश एकदा झटकावा. टोक आपण होऊन एकवटलं तर पुढचं बोलावं. केस फाकले तर नंबर कितीही बारीक असो, उपयोग नाही. मावळ्याच्या पागोट्याला आणि अंगरख्याला दोन नंबर, चेहऱ्याला एक नंबर, एवढ्यावर बहुतेक काम होतं. ट्रिपल झिरो डोळ्यांसाठी घेतात खरा, पण बुबुळ टिपायच्या आत रंग त्याच्या टोकावरच सुकतो, आणि मग एक नंबरचाच ब्रश पुन्हा उचलावा लागतो.